हार्टवर्मची गोळी पुढच्या नव्हे, मागच्या महिन्यासाठी असते

आमच्या नेरूळच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस दोन कुत्र्यांचे रक्त तपासले गेले, आणि दोन्ही अहवालांचा अर्थ लोकांनी नेमका उलटा लावला. पहिला कुत्रा गेटवरचा, पहारेकऱ्याच्या खुर्चीखाली झोपणारा काळा गावठी. त्याच्या अहवालात ‘रक्तात मायक्रोफिलेरिया (कृमींची सूक्ष्म पिल्ले) आढळले’ अशी एक ओळ होती, आणि तासाभरात ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘कुत्र्याच्या हृदयात किडे, मुलांना लांब ठेवा’ अशी होऊन पसरली. दुसरा कुत्रा गुवाहाटीहून बदलीवर आलेल्या एका कुटुंबाचा सात वर्षांचा लॅब्राडोर. त्याच्या रक्ताच्या थेंबात काहीच दिसले नाही, त्यामुळे घरचे निश्चिंत झाले. खोकला मात्र चालूच राहिला. शेवटी कळले ते असे की हार्टवर्म होता तो लॅब्राडोरला, आणि गेटवरच्या काळ्याला तो नव्हताच.

असे का घडते हे समजले, की या आजाराचा जवळजवळ सगळा गुंता सुटतो.

हार्टवर्म म्हणजे डासाच्या चाव्यातून कुत्र्याला लागणारा हृदयकृमी. शास्त्रीय नाव डायरोफिलेरिया इमायटिस. ‘इमायटिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ निर्दय असा होतो. प्रौढ मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड असते, म्हणजे शिजलेल्या शेवयांचा पुंजका डोळ्यांपुढे आणला तर चित्र बरेचसे बरोबर येईल. नाव मात्र थोडे फसवे आहे, कारण हे कृमी मुख्यतः हृदयात नव्हे तर हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या धमन्यांमध्ये राहतात. फार वाढले किंवा धमन्यांतील दाब चढला, की मागे सरकून हृदयात उतरतात. त्यांच्या सततच्या घर्षणाने आणि त्यांच्यापासून सुटणाऱ्या द्रव्यांनी धमन्यांचे आतले अस्तर खडबडीत आणि जाड होत जाते. ठाण्यातील जुन्या इमारतींमध्ये गंजून आतून अरुंद झालेला लोखंडी पाइप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचे वेगळे सांगायला नको: पाणी चढवायला पंपाला जास्त जोर लावावा लागतो आणि काही वर्षांनी पंपच जातो. कुत्र्याच्या बाबतीत हा पंप म्हणजे हृदयाचा उजवा भाग. आधी हलका खोकला, मग फिरून आल्यावर वाजवीपेक्षा जास्त धाप, मग वजन उतरणे, क्वचित घेरी येऊन पडणे आणि सर्वांत शेवटी पोटात पाणी साठणे, अशा क्रमाने आजार बाहेर दिसू लागतो. पहिली कित्येक महिने, कधी कधी वर्षे, मात्र काहीच दिसत नाही.

आता अहवालांकडे येऊ. प्रौढ मादी अंडी घालत नाही, थेट सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडते आणि त्यांनाच मायक्रोफिलेरिया म्हणतात. ताज्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर लाल पेशींच्या गर्दीत त्या वळवळताना दिसतात आणि पेशी इकडेतिकडे ढकलल्या जातात. एकदा पाहिलेले ते दृश्य विसरता येत नाही. परंतु रक्तात अशी पिल्ले सोडणारा हार्टवर्म हा एकटाच नव्हे. डायरोफिलेरिया रेपेन्स नावाचा त्याचा चुलतभाऊ कुत्र्याच्या कातडीखाली राहतो, फार तर गाठ किंवा खाज देतो, आणि हृदयाच्या वाटेला जात नाही. तिसरा एक प्रकार पिसवा आणि उवांमधून पसरतो व बहुधा निरुपद्रवी असतो. आपल्या देशात हार्टवर्म प्रामुख्याने आसाम, मिझोराम अशा ईशान्येकडील भागांतून नोंदला गेला आहे. मुंबईच्या बाजूला कुत्र्याच्या रक्तात मायक्रोफिलेरिया सापडल्या, तर त्या या कातडीखालच्या किंवा पिसवांमधून येणाऱ्या जातीच्या असण्याचा संभव अधिक. म्हणून ‘मायक्रोफिलेरिया आढळले’ या ओळीवर थांबू नये, कोणत्या जातीच्या हे विचारावे. त्यासाठी रक्तातील लाल पेशी फोडून, ते गाळासारखे खाली बसवून आणि रंगवून पिल्लांची लांबी मोजली जाते, किंवा जनुकीय चाचणी केली जाते. परजीवीशास्त्र शिकवले जाते अशा ठिकाणी, म्हणजे आपल्याकडे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेत, हा फरक जाणणारी माणसे असतात. गेटवरच्या काळ्याचे कृमी कातडीखालचे निघाले.

लॅब्राडोरच्या बाबतीत उलट झाले होते. गुवाहाटीत असताना त्याला महिन्याची गोळी मिळत असे, पण सलग नव्हे. कधी सुट्टीत राहून गेली, कधी दुकानात नव्हती. अशा अर्धवट औषधाने नेमके घडते ते हे, की रक्तातील पिल्ले मरतात, माद्यांची प्रजननक्षमता खचते, पण मधल्या खंडात मोठे झालेले कृमी धमन्यांत तसेच राहतात. रक्ताच्या थेंबात मग काहीच दिसत नाही. याला छुपा संसर्ग म्हणतात, आणि तो पकडणारी चाचणी निराळी आहे: प्रौढ मादीपासून रक्तात उतरणारे प्रथिन शोधणारी अँटिजेन चाचणी. गोचीडतापाच्या संशयाने दवाखान्यात केली जाणारी चार आजारांची जी एकत्रित झटपट चाचणी असते, तिच्यातील एक ठिपका बहुधा याच प्रथिनाचा असतो. कुत्र्याची ती चाचणी झाली असेल, तर जुना कागद काढून तो ठिपका जरूर पाहावा. या चाचणीलाही मर्यादा आहेत. कृमी फक्त नर असतील, माद्या एक-दोनच असतील किंवा संसर्गाला सहा-सात महिने झालेले नसतील, तर ती ‘नाही’ म्हणते. त्यामुळे दोन्ही चाचण्या एकत्र वाचायच्या असतात आणि शंका उरल्यास छातीचा एक्स-रे व हृदयाची सोनोग्राफी जोडीला घ्यायची असते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे गोळी आणि तिचे वेळापत्रक. बहुतेक घरांत अशी समजूत असते, की पहिल्या तारखेला गोळी दिली की पुढचे तीस दिवस कुत्र्याभोवती कवच असते. बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत असे काहीही नसते. गोळी देऊन काही दिवस उलटल्यावर चावलेल्या डासाने आत सोडलेली अळी सुखरूप असते; तिला मारते ती पुढच्या महिन्याची गोळी. गोळी मागचा हिशेब चुकता करते.

समजा, ५ जुलैच्या संध्याकाळी धारण तलावाच्या कडेने फिरताना एक डास चावला. या डासाने दोनेक आठवड्यांपूर्वी एखाद्या बाधित कुत्र्याचे रक्त प्यायलेले असले पाहिजे, कारण पिल्ले डासाच्या शरीरात वाढून संसर्गक्षम व्हायला २७ अंशांच्या आसपासच्या हवेत १० ते १४ दिवस लागतात. चावताना अळ्या डासाच्या सोंडेवरून कातडीवर उतरतात आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरतात. तीनेक दिवसांत त्या कात टाकून पुढच्या अवस्थेत जातात आणि कातडीखाली, स्नायूंमध्ये वाढत राहतात. १ ऑगस्टला गोळी दिली, तर त्या वेळी अळी २७ दिवसांची असते आणि मरते. ऑगस्टची गोळी विसरली आणि १ सप्टेंबरला दिली, तर ती ५८ दिवसांची झालेली असते. पन्नास ते सत्तर दिवसांच्या दरम्यान अळी शेवटची कात टाकून तरुण कृमी बनते, आणि त्या तरुण कृमीवर गोळीची ही मात्रा भरवशाने चालत नाही. म्हणजे काही मरतील, काही वाचतील. वाचलेले कृमी ७० ते १२० दिवसांत, म्हणजे गणपती ते दिवाळी या दरम्यान, फुफ्फुसांच्या धमन्यांत पोहोचतात. तेव्हा त्यांची लांबी तीन-चार सेंटिमीटर असते. संक्रांत उलटल्यावर ते प्रौढ होऊन पिल्ले सोडू लागतात आणि चाचणीत सापडू लागतात, आणि तिथून पुढे पाच ते सात वर्षे जगतात. ऑगस्टमधील एका विसरलेल्या गोळीचा पुरावा हाती यायला असे जानेवारी-फेब्रुवारी उजाडतात, आणि तोवर ती गोळी विसरली होती हेही कोणाला आठवत नाही.

थंड देशांत हिवाळ्यात हे चक्र थांबते, कारण हवा १४ अंशांच्या खाली गेली, की डासाच्या पोटातील अळीची वाढच खुंटते. ठाणे-नवी मुंबईत दिवस-रात्रीची सरासरी जानेवारीतही त्या खाली जात नाही, आणि भरतीचे पाणी सामावून घेण्यासाठी बांधलेले धारण तलाव, खारफुटीच्या कडेची डबकी, बांधकामांवरच्या टाक्या अशी डासांची सोय बारमाही असते. क्युलेक्स, एडिस, ॲनोफिलिस या तिन्ही कुळांतील डास हा कृमी वाहून नेऊ शकतात, त्यामुळे संध्याकाळचे डास टाळले म्हणजे झाले असेही नाही. बाधित कुत्रे इकडे बदलीवर, दत्तक म्हणून किंवा विक्रीसाठी येत राहणार, डास तर आहेतच. म्हणून आपल्याकडे आजार तुरळक असला, तरी गोळी द्यायचीच ठरवल्यास ती बारा महिने द्यावी, केवळ पावसाळ्यापुरती देण्यात फारसा अर्थ नाही, असे माझे मत आहे. पिल्लाला साधारण आठ आठवड्यांच्या वयापासून सुरुवात करता येते. सात महिन्यांहून मोठ्या कुत्र्याची आधी चाचणी करावी, मग गोळी सुरू करावी, सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी आणि त्यानंतर वर्षातून एकदा. चाचणीशिवाय गोळी सुरू करू नये याचे कारण असे, की रक्तात आधीच पुष्कळ पिल्ले असतील, तर काही औषधांनी, विशेषतः मिल्बेमायसिनने, ती एकदम मरून कुत्र्याला धक्का (शॉक) बसू शकतो.

गोळी कोणती, हाही घोळाचा विषय आहे. आपण ज्याला ‘जंताची गोळी’ म्हणतो आणि दर तीन महिन्यांनी देतो, ती पोटातील जंतांसाठी असते; तिच्यातील प्राझिक्वांटेल, पायरँटेल, फेबँटेल यांचा हार्टवर्मशी संबंध नाही. गोचीड-पिसवांच्या चघळायच्या गोळीत ॲफॉक्सोलॅनर किंवा फ्लुरालेनर असते, त्याचाही नाही. मात्र जवळपास तशाच दिसणाऱ्या एका गोळीत ॲफॉक्सोलॅनरसोबत मिल्बेमायसिन ऑक्झाईमही असते आणि ती हार्टवर्मला चालते. वेष्टनावरचे चित्र पाहू नये, बारीक अक्षरातील घटक वाचावेत आणि आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, मॉक्झिडेक्टिन, सेलामेक्टिन यांपैकी एक नाव सापडते का ते पाहावे.

यांतले आयव्हरमेक्टिन आपल्याकडे सर्वांत ओळखीचे आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचे. जपानमधील मातीच्या नमुन्यातून सातोशी ओमुरा यांनी वेगळ्या केलेल्या सूक्ष्मजीवापासून हे औषध निघाले, विल्यम कॅम्पबेल यांनी त्याचा परजीवींवरचा परिणाम सिद्ध केला आणि दोघांना २०१५ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कुत्र्यांच्या हार्टवर्मसाठी अमेरिकेत त्याला १९८७ मध्ये मान्यता मिळाली होती. प्रतिबंधासाठी त्याची मात्रा आहे किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. २० किलोच्या कुत्र्याला महिन्याला १२० मायक्रोग्रॅम पुरतात. कोविडच्या काळात घरोघरी येऊन पडलेली माणसांची १२ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १२,००० मायक्रोग्रॅम, बरोबर शंभर पट. गाईगुरांसाठीच्या एक टक्क्याच्या इंजेक्शनात दर मिलिलिटरला १०,००० मायक्रोग्रॅम असतात. गोळीचा ‘छोटासा तुकडा’ मोडून देणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा कागदावर करून पाहावा. कोली कुळातील, म्हणजे लोक ज्यांना लॅसी म्हणतात अशा कुत्र्यांपैकी पुष्कळांमध्ये मेंदूत औषध शिरू न देणारा पहारा जनुकीय दोषामुळे लंगडा असतो. प्रतिबंधाची योग्य मात्रा त्यांनाही सोसते, पण मोठ्या मात्रेने थरथर, आंधळेपण, बेशुद्धी आणि मृत्यूही येतो. हत्तीरोगासाठी माणसांना वाटल्या जाणाऱ्या डीईसीच्या गोळ्याही कुत्र्याला घरच्या घरी देऊ नयेत. रक्तात हार्टवर्मची पिल्ले असताना डीईसी दिले, तर काही तासांत कुत्रा दगावू शकतो.

उपचारांची गोष्ट थोडी विचित्र आहे, कारण इथे जिवंत कृमीपेक्षा मेलेला कृमी जास्त घातक ठरतो. मेलेला कृमी कुठेही बाहेर पडत नाही. त्याचे तुकडे रक्ताबरोबर फुफ्फुसांतील बारीक धमन्यांत जाऊन अडकतात, तिथे सूज येते, आणि शरीर ते हळूहळू विरघळवीपर्यंत काही आठवडे जातात. या काळात कुत्रा धावला, उडी मारली, उत्तेजित झाला, तर रक्ताचा वेग वाढून तुकडे आणखी आत ढकलले जातात. ताप, वाढलेला खोकला, खोकल्यातून रक्त आणि कधी अचानक मृत्यू, हे सारे बहुधा कृमिनाशक दिल्यानंतरच्या आठवड्या-दीड आठवड्यापासून पुढे महिनाभर घडू शकते.

म्हणून प्रमाण पद्धतीत कृमी एकदम मारत नाहीत. आधी महिनाभर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले जाते. या कृमींच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू वस्तीला असतात आणि त्यांच्यावाचून कृमीचे चालत नाही. जिवाणू मेले, की कृमी अशक्त होतो, वांझ होतो आणि पुढे मेल्यावर सूजही कमी येते. त्याच वेळी महिन्याची प्रतिबंधक गोळी सुरू होते, म्हणजे नव्या अळ्यांची भर थांबते. त्यानंतर महिनाभर थांबून, साधारण साठाव्या दिवशी, मेलारसोमिन या आर्सेनिकयुक्त औषधाचे पहिले इंजेक्शन कमरेच्या स्नायूंत खोलवर देतात, आणि नव्वदाव्या व एक्याण्णवाव्या दिवशी उरलेली दोन. या तीन मात्रांनी जवळजवळ ९८ टक्के कृमी मरतात. सूज आवरण्यासाठी प्रेडनिसोलोन उतरत्या मात्रेत चालते. ॲस्पिरिन मात्र आता सुचवले जात नाही.

अडचण अशी, की मेलारसोमिन आपल्याकडे सहज मिळत नाही. लॅब्राडोरच्या घरच्यांना, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांना, पशुवैद्यांनी दुसरा मार्ग सांगितला: डॉक्सिसायक्लिनसोबत दर महिन्याला मानेमागे कातडीवर टाकायचे मॉक्झिडेक्टिनचे थेंब. या मार्गाने कृमी सावकाश, कित्येक महिन्यांत मरतात, आणि तेवढा काळ धमन्यांची झीज चालू राहते. पण काहीच न करण्यापेक्षा किंवा नुसत्या आयव्हरमेक्टिनवर दोन-दोन वर्षे काढण्यापेक्षा तो पुष्कळ बरा. डॉक्सिसायक्लिन उपाशीपोटी देऊ नये, ते अन्ननलिकेला जाळते. शेजारच्या वहिनी ते दहीभाताच्या गोळ्यात घालून देत असत, तेव्हा मी त्यांना सांगितले, “वहिनी, दही नको, दुधातल्या कॅल्शियमने औषध नीट शोषले जात नाही,” आणि मग भाताला चिकनचे पाणी आले.

खरे कष्ट औषधांचे नसतात, विश्रांतीचे असतात. दोन खोल्यांच्या घरात लॅब्राडोरला सहा-आठ महिने शांत ठेवणे म्हणजे काय, हे शेजाऱ्यांकडे पाहून कळले. दाराची बेल काढून टाकली. बाल्कनीचा पडदा कायमचा ओढला, कारण कठड्यावर कावळा बसला की तो तीन ढांगांत तिथे. शी-सूसाठी लिफ्टने खाली, आखूड पट्ट्याने, दहा मिनिटांत परत. जिना बंद, चेंडू बंद. दिवाळीत फटाके सुरू होण्याआधी पशुवैद्यांच्या सल्ल्याने शामक दिले. मुलीने जुन्या मोज्यांत खाऊ दडवून तो हुंगून शोधायचा खेळ काढला, आणि जागेवर बसून दमण्याचा हाच एक मार्ग त्याच्यापुरता चालला.

एका प्रसंगी मात्र विश्रांतीची नव्हे, धावपळीची गरज असते. कृमींचा पुंजका हृदयाच्या झडपेत अडकला, तर कुत्रा अचानक मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी गडद तपकिरी, कोऱ्या कॉफीसारखी होते. यावर औषध नाही. मानेतील शिरेतून चिमटा घालून कृमी ओढून काढणे हाच उपाय, आणि तोही तासांच्या हिशेबात.

गटावरच्या भीतीबद्दल एवढेच, की हार्टवर्म कुत्र्याकडून कुत्र्याला किंवा माणसाला चाटण्या-चावण्यातून लागत नाही. मध्ये डास लागतोच. माणसाला डासातून क्वचित लागला, तरी तो बहुधा फुफ्फुसात एका गाठीपुरता राहून मरतो. कातडीखालच्या जातीचे कृमी मात्र माणसाच्या डोळ्यातून काढल्याच्या नोंदी केरळसारख्या राज्यांतून आहेत, आणि गेटवरच्या काळ्यावर उपचार करण्याचे ते एक कारण होते. त्याची महिन्याची मात्रा पहारेकरीकाका उकडलेल्या अंड्यात घालून देतात. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनचे डासनिवारक थेंब त्याला चालतात, पण त्याच्याच शेजारी झोपणाऱ्या मांजरीला ते विषारी असल्यामुळे आम्ही वापरत नाही. त्याऐवजी कुंड्यांखालच्या ताटल्या दर रविवारी पालथ्या केल्या जातात.

लॅब्राडोरच्या रक्तातील अँटिजेनची पुन्हा तपासणी या महिन्याअखेर आहे. खोकला गेला आहे, दोन किलो वजन परत आले आहे. जिन्याची बंदी अजून उठलेली नाही, आणि ती त्याला मान्य नसल्यामुळे लिफ्ट आली तरी तो आधी जिन्याकडेच बघतो.